आकड्यांची जात

शंभर म्हणजे किती, असा प्रश्न कोणी विचारलाच तर आपण विचारणाऱ्याकडे जरा काळजीनेच पाहू. शंभर म्हणजे शंभर, त्यात सांगायचे काय? गेल्या मे महिन्याच्या सुटीपर्यंत मीही हेच म्हटले असते. त्या सुटीत आमचा भाचा आठ दिवस आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षे पंधरा, मिसरूड फुटू लागलेली, आणि लॅपटॉप म्हणजे जणू अंगाचाच एक अवयव. एका दुपारी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढून बसलो होतो, तेवढ्यात पलीकडून त्याचा रडकुंडीला आलेला आवाज आला, "मामा, माझे शंभर सापडतच नाहीयेत!"

मला वाटले, आईने दिलेली नोट हरवली. मी पाकीट चाचपू लागलो, तर म्हणतो कसा, "नोट नाही रे मामा, आकडा! समोर दिसतोय आणि सापडत नाहीये."

समोर दिसणारी वस्तू सापडत नाही ही तक्रार चष्मा लावणाऱ्या माझ्यासारख्याला नवी नव्हती. पण हे प्रकरण निराळे निघाले. संगणकावरच्या खेळात आपले प्राण किती उरले, गोळ्या किती, सोन्याची नाणी किती, हे आकडे पडद्यावर दिसत असतात. हे आकडे खेळ चालू असताना संगणकाच्या मेमरीत कुठेतरी ठेवलेले असतात. ती जागा हुडकून आकडा परस्पर बदलला की गरीब बिचारा वीर क्षणात कुबेर होतो. हे करून देणारे 'चीट इंजिन' नावाचे एक साधन आहे. नावच जिथे लबाडीचे, तिथे गुपित ते काय राहिले! त्या साधनासोबत शिकाऊ माणसासाठी धडे येतात, आणि आमचे भाचेमहाशय चौथ्या धड्याशी अडले होते. त्या धड्यात पडद्यावर दोन आकडे असतात, प्राण शंभर आणि गोळ्या शंभर. दोन्ही शोधून पाच हजार करा, एवढीच आज्ञा. पहिले तीन धडे त्याने चुटकीसरशी सोडवले होते. इथे मात्र 'शंभर शोध' म्हटले की यंत्र भलत्याच जागा दाखवी, आणि हवे ते शंभर त्यांत नसत.

त्या दुपारी उत्तरपत्रिका तशाच राहिल्या. कारण पाहता पाहता माझ्या ध्यानात आले, की पोराला अडले आहे ते गणित नव्हे, व्याकरण आहे. आणि तो तर आमचा प्रांत!

व्याकरणात आम्ही शब्दांच्या जाती शिकवतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे. (जात हा शब्द इथे केवळ व्याकरणातला समजावा.) आता 'कर' हा साधा शब्द घ्या. 'महानगरपालिकेने कर वाढवला' यात तो एक, 'कर जोडून उभा राहिला' यात दुसरा, आणि 'निमूटपणे अभ्यास कर' यात तिसराच. अक्षरे तीच दोन. कोऱ्या कागदावर नुसते 'कर' लिहून कोणाही पंडितापुढे ठेवा. ते नाम की क्रियापद, हे त्याला सांगता येणार नाही. जात अक्षरांत नसते. ती वाक्यात असते, म्हणजेच वाचणाऱ्याने ते कसे वाचावे या ठरावात असते.

संगणकाच्या मेमरीचेही नेमके हेच आहे. एक लांबच लांब फडताळ डोळ्यांपुढे आणा. त्याला ओळीने खण, प्रत्येक खणावर क्रमांक. एका खणाला म्हणतात बाइट. खणात आठ बटणे, प्रत्येक बटण एक तर चालू नाही तर बंद. आठ बटणांच्या उघडझापीचे एकूण २५६ प्रकार होतात, म्हणून एका खणात शून्यापासून २५५ पर्यंतचा कोणताही एक आकडा मावतो. याहून अधिक काही त्या खणात नसते. आत नाणी आहेत, की अक्षर आहे, की तापमान, याची चिठ्ठी खणावर लावलेली नसते. खेळ रचणाऱ्याने तो लिहिताना 'गोळ्या' असे नाव आणि त्याची जात दोन्ही ठरवलेली असतात. पण खेळ यंत्राच्या भाषेत उतरला की नावे बहुधा गळून पडतात आणि जात फक्त खेळाच्या वाचण्याच्या रीतीत शिल्लक राहते. बाहेरून डोकावणाऱ्याला दिसतात ते नुसते खण.

त्रेपन्नाची तीन रूपे

हे खरे वाटत नसेल तर एक जुनी आणि खरीखुरी हकीकत सांगतो. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने 'स्पेक्ट्रम' नावाचा छोटा, स्वस्त घरगुती संगणक काढला. भारतातही पुढे तो परवान्याने तयार होऊन विकला गेला. त्यावर १९८३ साली 'मॅनिक मायनर' हा खेळ आला. रचणारा मॅथ्यू स्मिथ हा जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा. खाणीत उतरलेल्या माणसाने उड्या मारत किल्ल्या गोळा करायच्या. तीन जीव, ते संपले की खेळ खलास. खेळ असा कठीण, की पोरे टेकीला येत. त्या काळची इंग्रजी मासिके अशा पोरांसाठी तोडगे छापीत, त्यांना म्हणत 'पोक'. पोक म्हणजे खुपसणे: अमुक खणात अमुक आकडा खुपसा. 'मॅनिक मायनर'चा तोडगा होता, खण ३५१३६ मध्ये शून्य.

आता कोणालाही वाटेल, त्या खणात उरलेल्या जिवांची संख्या असणार. पण मग तिथे शून्य खुपसल्यावर माणूस अमर कसा झाला? तो तर मरायला हवा! गंमत अशी, की त्या खणात मुळात ५३ होते, आणि ते ५३ ही मोजदाद नव्हती, ती आज्ञा होती. स्पेक्ट्रमच्या आतल्या झेड-८० या यंत्राच्या भाषेत ५३ म्हणजे 'दाखवलेल्या खणातून एक वजा कर'. जीव कमी करणारा चित्रगुप्त तो हाच. आणि शून्य म्हणजे 'काही करू नकोस'. चित्रगुप्ताला स्वस्थ बसवले, जीव कमी होणे थांबले!

तेच ५३ अक्षर म्हणून वाचले तर? अक्षरांना क्रमांक देण्याची अमेरिकेत ठरलेली जी पद्धत आहे, तिच्यात ५३ म्हणजे छापील '5' हे चिन्ह. म्हणजे एका खणातले एक त्रेपन्न. हिशेबनीस वाचील तर त्रेपन्न, खिळे जुळवणारा वाचील तर पाच, आणि यंत्र वाचील तर 'एक वजा कर'. आमच्या 'कर'लाही तीनच अर्थ होते.

स्पेक्ट्रमच्या काळी निदान एवढे सुख होते, की बहुतेक आकडे एका खणात मावतील असे बेताचे ठेवलेले असत. आजच्या खेळात नाणी लाखांनी असतात, प्राण पूर्णांक-अपूर्णांकात असतात. एक खण पुरत नाही, म्हणून दोन, चार, आठ खण एकत्र धरून वाचतात. इथून जातींचा संसार वाढतो. चीट इंजिनमध्ये शोधण्याआधी जात निवडावी लागते: बाइट, दोन बाइट, चार बाइट, आठ बाइट, फ्लोट, डबल, आणि मजकुरासाठी स्ट्रिंग. काहीच निवडले नाही तर यंत्र 'चार बाइट' धरून चालते. पहिल्या तीन धड्यांत भाच्याचे काम याच गृहीतावर निभावले होते.

शोधण्याची रीत मोठी मजेची आहे. समजा, हजार माणसांच्या लग्नमंडपात तुम्हाला एक अनोळखी गृहस्थ हुडकायचा आहे आणि त्याच्या खिशात ८७ रुपये आहेत एवढेच ठाऊक आहे. तुम्ही ओरडता, "ज्यांच्याकडे नेमके सत्त्याऐंशी आहेत त्यांनी हात वर करा." तीस हात वर होतात. मग त्या गृहस्थाला पाच रुपयांचा विडा घ्यायला लावायचा आणि त्या तिसांनाच विचारायचे, "आता ब्याऐंशी कोणाकडे?" दोन-तीनदा असे केले की एकच हात उरतो. खेळातही तसेच. आकडा शोधा, एक गोळी झाडा, नवा आकडा शोधा. हजारो खण गळत गळत एक उरतो. पडद्यावर आकडा नसून नुसती लाल पट्टी असेल तर 'मघापेक्षा घटले कोण' आणि 'वाढले कोण' असे विचारूनही काम भागते.

पण मंडपातल्या त्या गृहस्थाने आपले ८७ रुपये नाण्या-नोटांत न ठेवता हुंडीच्या रूपाने ठेवले असतील तर तो हात वर करीलच कसा? चौथ्या धड्यातले प्राण 'फ्लोट' जातीचे आहेत, गोळ्या 'डबल' जातीच्या. फ्लोट म्हणजे तरंगते; दशांशचिन्ह एका जागी खिळलेले नाही, ते पुढे-मागे सरकते. शास्त्रज्ञ मोठे आकडे दहाच्या घातात मांडतात, थोडे अंक आणि सोबत 'चिन्ह इतकी घरे सरकवा' अशी सूचना, तशीच ही मांडणी. फक्त दहाऐवजी दोनाच्या घातात. चार खणांतल्या बत्तीस बटणांची वाटणी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८५ साली प्रमाण म्हणून ठरवून दिली: एक बटण धन-ऋणासाठी, आठ घातासाठी, तेवीस प्रत्यक्ष अंकांसाठी. डबलला आठ खण, म्हणजे चौसष्ट बटणे, म्हणून अधिक बारकावा.

साधे पूर्णांकी शंभर चार खणांत ठेवले तर खण असे भरतात: १००, ०, ०, ०. तेच शंभर फ्लोट म्हणून ठेवले तर: ०, ०, २००, ६६. आणि डबल म्हणून ठेवले तर सहा शून्ये, मग ८९, मग ६४. तिन्ही शंभरच, पण मेमरीत एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही. फ्लोटचे ते चार खण कोणी पूर्णांक समजून वाचले तर त्याला दिसते १,१२,०४,०३,४५६. एकशे बारा कोटी आणि वर काही! 'चार बाइट' निवडून शंभर शोधणाऱ्या पोराच्या हाताखालून हे एकशे बारा कोटी निघून जात होते आणि तो त्यांना ओळखत नव्हता. मी त्याला म्हटले, "अरे, नाम शोधतोयस आणि तिथे क्रियापद बसलंय." त्याने जात बदलून फ्लोट केली, एक टोला खाऊन प्राण घटवले, पुन्हा शोधले, आणि पाच मिनिटांत 'सापडले!' म्हणून घर डोक्यावर घेतले.

फ्लोटची आणखी एक खोड सांगून ठेवतो. पडद्यावर दिसतात ८७ प्राण, आत असतात ८६.६, खेळ दाखवताना तेवढे गोळाबेरीज करून दाखवतो. मग जात बरोबर निवडूनही नेमके ८७ शोधणारा रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी '८६ आणि ८८ यांच्या मध्ये' असे शोधायचे.

उचलली लेखणी आणि लिहिले

चुकीच्या जातीने शोधले तर फार काय, सापडत नाही. खरा अनर्थ होतो तो चुकीच्या जातीने लिहिले म्हणजे. कल्पना करा, खेळात चार खण शेजारी-शेजारी आहेत, प्रत्येकी एकाच बाइटचे: प्राण, बाण, किल्ल्या, दिवे. एका लोभी पोराने प्राणांचा खण हुडकला आणि 'चार बाइट' या जातीने तिथे ३०० लिहिले. एका खणात मावतात २५५. मग ३०० कुठे बसणार? ते चारही खणांवर पसरते. पहिल्या खणात ४४, दुसऱ्यात १, उरलेल्या दोहोंत शून्य. म्हणजे तीनशे प्राणांची आस धरणाऱ्याच्या पदरी चव्वेचाळीस प्राण, एक बाण, किल्ली एकही नाही आणि दिवे गेले ते वेगळेच. एका बिऱ्हाडात सामान मावले नाही म्हणून ते शेजारच्या तीन बिऱ्हाडांत, कोणाला न विचारता, नेऊन टाकावे, तशातली गत! इथे निदान दिवेच गेले. शेजारच्या खणात खेळाला लागणारा एखादा पत्ता असता तर सगळा खेळच कोसळून बंद पडला असता.

दुसरा प्रकार याहून क्रूर आहे. प्राण फ्लोटमध्ये आहेत आणि तिथे तुम्ही पूर्णांकी ९९९ लिहिलेत. ते चार खण फ्लोट म्हणून वाचले तर होतात किती? दशांशचिन्हापुढे एकेचाळीस शून्ये आणि त्यानंतर चौदा. हजाराला एक कमी इतके आयुष्य बहाल केलेला वीर त्याच क्षणी, कोणी हातही न लावता, आडवा होतो.

आता कोणा चौकस वाचकाने हटकले असेल: तीनशे लिहिताना चव्वेचाळीस आधी आणि एक नंतर, असे उलटे का? ३०० म्हणजे एक वेळा २५६ आणि वर ४४. मोठा भाग आधी यायला हवा. बरोबर आहे, पण आपल्या घराघरांतल्या संगणकांत लहान भाग आधीच्या खणात आणि मोठा नंतरच्या खणात ठेवायची रीत आहे. उलट रीतीची यंत्रेही होऊन गेली. कोणती रीत खरी यावर अभियंते हमरीतुमरीवर येत, तेव्हा १९८० साली डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने त्यांची थट्टा करणारा एक लेख लिहिला आणि दोन्ही पक्षांना जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधली नावे दिली. अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लढणारी ती माणसे. तेव्हापासून या दोन रीतींना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' म्हणतात.

मराठी माणसाला मात्र यात हसण्यासारखे काही नाही. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण म्हणतो 'पंचवीस'; पाच आधी, वीस नंतर! एकशे पंचवीस म्हणताना शंभर पुन्हा पुढे येतात. म्हणजे नव्याण्णवपर्यंत आपण लहान टोकाचे आणि शंभरापासून मोठ्या टोकाचे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी सरळ वाचनाची सोय दिली गेली तेव्हा केवढे रण माजले होते, ते आठवत असेलच. जुन्या संस्कृत ग्रंथांत तर शक सांगताना चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असे शब्द योजीत आणि ते उजवीकडून डावीकडे मांडीत. तेव्हा यंत्राला उलटे म्हणण्याआधी आपण आपली बाराखडी पाहावी हे बरे.

शून्यातून मागे गेले की

खणाची मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते हे स्कूटरच्या मीटरवरून समजते. सगळे नऊ झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्ये. एका बाइटात २५५ नंतर शून्य. जपानमध्ये १९८० साली निघालेल्या 'पॅक-मॅन' या जगप्रसिद्ध खेळात २५६ वा टप्पा गाठणाऱ्याच्या पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि चित्रांच्या कचऱ्याने भरून जाई, आणि पुढे जाणे अशक्य होई. खेळ रचणाऱ्यांना कोणी इतका लांब जाईल असे वाटलेच नव्हते. टप्पे मोजणारा आकडा एकाच खणात होता. १९८६ सालच्या 'लिजेंड ऑफ झेल्डा'त खिशात २५५ हून जास्त रत्ने राहात नाहीत, त्याचेही कारण हेच.

उलट दिशेने गेले तर मौज आणखी. नाणी २० आणि खर्च ३०. दोन बाइटांची, ऋण आकडे न जाणणारी जात असेल आणि रचणाऱ्याने आधी तपासले नसेल, तर शिलकेत दिसतील ६५,५२६ नाणी. कर्ज काढून श्रीमंत होण्याचा याहून सोपा मार्ग मी तरी पाहिला नाही! ऋण आकडे हवे असतील तर वरच्या अर्ध्या आकड्यांना ऋण म्हणायचे असा करार करतात. मग त्याच एका खणातले २०० हे वाचले जाते उणे ५६. खण तोच, बटणे तीच; करार तेवढा बदलला.

याच कराराशी आपल्या महात्माजींचे नाव जोडणारी एक कथा खेळणाऱ्यांच्या जगात फार पसरली आहे. सिड मायर यांच्या १९९१ सालच्या 'सिव्हिलायझेशन' या खेळात भारताचे नेते म्हणून गांधीजी आहेत. कथा अशी, की त्यांची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे एक ठेवलेली. देशाने लोकशाही स्वीकारली की प्रत्येकाची आक्रमकता दोनाने घटायची. एकातून दोन गेले, उणे एक व्हायला हवे होते, पण जात ऋण न जाणणारी, म्हणून झाले २५५. आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकीत सुटले! कथा इतकी बेमालूम आहे, की ती खोटी आहे हे सांगताना वाईट वाटते. मायर यांनीच २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात ती साफ नाकारली. त्यांच्या खेळातले ते आकडे ऋण जाणणारेच होते. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत मात्र ही विनोदाची गोष्ट मुद्दाम घालण्यात आली. माझे भाच्याला सांगणे एवढेच, की कथेचे गणित चोख असले म्हणून कथा खरी ठरत नाही.

खेळात चूक झाली तर गांधीजी बदनाम होतात, फार तर वीर मरतो. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात, कुरू येथून 'एरियन ५' हा युरोपचा नवा कोरा अग्निबाण उडाला. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा चौसष्ट बिटांच्या तरंगत्या जातीत होता. तो सोळा बिटांच्या, ऋण जाणणाऱ्या पूर्णांकात उतरवण्याची आज्ञा होती. त्या जातीत ३२,७६७ हून मोठा आकडा मावत नाही. आधीच्या 'एरियन ४' मध्ये तो आकडा कधी तिथवर पोचतच नसे, म्हणून जुनी आज्ञावली जशीच्या तशी उचलली होती. नवा अग्निबाण वेगवान. आकडा मावला नाही, दिशा सांगणारे यंत्र थांबले. मदतीला ठेवलेले दुसरे यंत्रही त्याच आज्ञावलीवर चालणारे, ते आधीच थांबलेले. थांबताना यंत्राने जी तक्रार कळवली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली. इथेही तेच, एकाने एक लिहिले आणि दुसऱ्याने दुसरे वाचले. अग्निबाण वाकडा झाला आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत चार उपग्रहांसह आकाशात फुटला. सर्वांवर कडी म्हणजे, उड्डाण झाल्यावर 'एरियन ५' ला त्या आकड्याची गरजच नव्हती.

हे सगळे मी फोनवर बहिणीला उत्साहाने सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळं खरं दादा, पण हा लबाडी करायला शिकतोय त्याचं काय?" प्रश्न आईचा होता आणि रास्त होता. माझे मत असे, की एकट्याने पत्त्यांचा पेशन्स लावणाऱ्याने मधलाच एखादा पत्ता उचलून पाहिला तर त्यात फसतो तो फक्त स्वतः. आणि पत्ते कसे रचले आहेत हे त्याला त्यातून कळले तर तो धडाच आहे. चार माणसांच्या रमीत तेच केले तर ती लबाडी. अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळायच्या खेळात खरा आकडा बहुधा कंपनीच्या संगणकावर असतो. आपल्या घरच्या मेमरीत असते ती त्याची सावली, आणि सावलीला मुकुट घालून कोणी राजा होत नाही. जिथे तो आकडा घरच्याच यंत्रात सापडतो, तिथे तो बदलणे म्हणजे समोरच्या अनोळखी पोराला फसवणे, आणि असे करणाऱ्याचे खाते कंपन्या बंदही करतात. भाच्याला मी अट घातली आहे: एकट्याचा खेळ, जतन केलेल्या डावाची प्रत आधी काढून ठेवलेली, आणि असली साधने कुठूनही न उतरवता मूळ जागेवरूनच घेतलेली. बहीण एवढ्यावर पुरती राजी झाली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

मेमरीतला आकडा न शोधताच खेळाला चकवण्याची एक घरगुती युक्ती लहान मुलांनाही ठाऊक असते. काही मोबाइल खेळांत जीव संपले की अर्धा तास थांबावे लागते. मुले फोनचे घड्याळच पुढे सारतात. तीही एका आकड्याचीच अदलाबदल. कारण संगणकाच्या लेखी वेळ हीदेखील मेमरीतली एक संख्या आहे: १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून आजवर किती सेकंद झाले, ती. पुष्कळ यंत्रांत ही संख्या चार बाइटांच्या, ऋण जाणणाऱ्या जातीत ठेवण्याची प्रथा पडली. त्या जातीचा शेवटचा आकडा २,१४,७४,८३,६४७. तो येईल १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असताना. आणि जुन्या जातीवर चालणारे यंत्र पुढच्या सेकंदाला १९०१ सालच्या डिसेंबरात जाऊन बसेल. ही जात बदलण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. नव्या संगणकांत आणि फोनांत वेळेला आता आठ बाइट देतात, आणि तेवढ्यात हा हिशेब सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरतो.